तुटलेला केस आधी मोजा, मास्कचं मग बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं आहे बघा, वय ३१, मूळचे केस वेव्ही, लांबी कमरेच्या जरा वर. दीड वर्षापूर्वी रिबाँडिंग केलं, म्हणजे क्रीम आणि प्रेसने केस कायमचे सरळ करून घेतले, सात महिन्यांपूर्वी टचअप, म्हणजे नवीन वाढलेल्या भागाला पुन्हा तेच, आणि तीन महिन्यांपूर्वी भावाच्या लग्नासाठी हायलाइट्स, म्हणजे काही बटांना ब्लीच. आता डोक्यावर बोटभर लांबीचे केस उभे राहतायत, बेसिनमध्ये आणि कुर्त्यावर बारीक तुकडे पडतात, आणि वीतभराच्या खाली वेणी एकदम बारीक झालीये. नवीन सोसायटीत टँकर नाहीतर बोअरचं पाणी येतं म्हणून तुमचा संशय पाण्यावर. सासूबाई म्हणतात तेल लावणं सोडलंस म्हणून झालं. पार्लरवाली म्हणते हेअर बोटॉक्स करून घ्या, साडेसहा हजार. आणि तुम्ही विचारताय की मास्क कुठला घेऊ आणि कांद्याचं तेल लावू का.

मी २००१ पासून पुण्यात हेच काम करते, स्वतःचं छोटं पार्लर आहे, आणि अशी डोकी वर्षाला कितीतरी हाताखालून जातात. म्हणून आधी स्पष्ट सांगते की मास्कचा प्रश्न शेवटी येतो. तुमचे केस गळत नाहीयेत, तुटतायत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक सगळ्यांचे पैसे इथेच वाया जातात, कारण तुटणाऱ्या केसांवर गळतीची औषधं लावली जातात. गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला पांढरट बारीक गाठ दिसते, ती मुळाची. असे रोज पन्नास ते शंभर केस जाणं नॉर्मल आहे. तुटलेल्या तुकड्याला ती गाठ नसते, दोन्ही टोकं सारखीच. तुम्ही जे बेसिनमधले तुकडे म्हणताय ते दुसऱ्या प्रकारातले वाटतात, पण खात्री करून घ्या, पंधरा-वीस तुकडे पांढऱ्या किंवा काळ्या कागदावर ठेवून उजेडात बघा. आणि जे उभे राहतायत त्यांची टोकंही बघा. नवीन उगवलेला केस टोकाला निमुळता आणि मऊ असतो, तुटलेल्याचं टोक बोथट नाहीतर फाटे फुटलेलं. डिलिव्हरीनंतर, किंवा टायफॉइड-डेंग्यूसारख्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि मग सगळीकडे नवीन केस येतात, ते पण असेच उभे राहतात, आणि बायका घाबरून जातात, खरं तर ती चांगली बातमी असते.

आता महत्त्वाचं. एक फुटपट्टी घ्या आणि ते उभे राहणारे केस मुळापासून टोकापर्यंत मोजा. दहा-बारा ठिकाणचे मोजा.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, थोडा जास्तच, वर्षाला बारा ते पंधरा सेंटीमीटर धरा. म्हणजे केसावर तारीख लिहिलेली असते, फक्त वाचता आली पाहिजे. तुम्ही म्हणालात बोटभर, बोटभर म्हणजे सात-आठ सेंटीमीटर, म्हणजे सात महिने. सात महिन्यांपूर्वी काय झालं होतं? टचअप. त्या दिवशी जो भाग अगदी मुळाशी होता तो आज मुळापासून सात-आठ सेंटीमीटरवर आलाय. त्याच्या वरचा, डोक्याकडचा भाग तुमचा मूळचा वेव्ही केस, आणि खालचा सगळा केमिकल बसलेला. बरोबर त्या सांध्यावर केस तुटतोय. आता दुसरा हिशोब बघा, वेणी वीतभराच्या खाली बारीक झालीये म्हणता. वीत म्हणजे वीस-बावीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण दीड वर्षाची वाढ. पहिलं रिबाँडिंग तेव्हाच केलं होतंत. म्हणजे वीतभराच्या खालच्या केसावर रिबाँडिंगचं क्रीम एकदा नाही, दोनदा बसलंय असं मला दिसतं, कारण टचअपच्या वेळी फक्त नवीन आलेल्या भागाला क्रीम लावायचं असतं, जुन्याला अजिबात नाही, आणि घाईत मुळापासून टोकापर्यंत सरसकट फिरवलं जातं. त्यानंतर त्यावर हायलाइट्सचं ब्लीच.

त्यामुळे पाण्यावरचा तुमचा संशय मी जरा बाजूला ठेवते. पाणी वाईट असतं तर ते केसाच्या सगळ्या लांबीवर सारखंच वाईट असतं. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, क्षार बसतात, गुंता वाढतो, आणि आधीच कमकुवत झालेला केस त्या गुंत्यात तुटतो, एवढं खरं. पण पाणी असं मोजून बोटभर अंतरावर आणि वीतभर अंतरावर केस तोडत नाही.

हे का होतं ते थोडं सांगते. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा असतो आणि त्याला ताकद देणारे सल्फरचे बंध आत असतात. बाहेरून खवल्यांचं आवरण असतं, कौलांसारखं एकावर एक. रिबाँडिंगचं क्रीम आत जाऊन ते सल्फरचे बंध तोडतं, मग गरम प्रेसने केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझरने बंध पुन्हा जोडतात. सगळे परत जुळत नाहीत. एकदाच केलं, नीट केलं, केस जाड असेल तर तो हे सोसतो. मग ब्लीच येतं, ते रंग काढतं पण रंगाबरोबर ते सल्फरचे बंधही जाळतं, आणि जे ब्लीचने गेले ते परत जोडायला शिल्लकच राहत नाहीत. शिवाय केसाच्या बाहेरच्या थरावर जन्मतः एक बारीक स्निग्ध थर असतो, ज्याच्यामुळे केस केसावरून सहज घसरतो, तोही जातो. म्हणून ओला केस चिकटतो, गुंततो, कंगवा अडतो. आणि सांध्यापाशी एका बाजूला वळणदार मजबूत केस, दुसऱ्या बाजूला सरळ केलेला कमकुवत केस, कंगव्याचा ताण नेमका तिथे येतो.

यात काय कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुमचे केस जाड आहेत की बारीक ते मला माहीत नाही, क्रीम किती स्ट्राँग होतं, ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइडचं डेव्हलपर किती व्हॉल्यूमचं, म्हणजे किती तीव्र वापरलं, किती वेळ ठेवलं, हे कळलं तर अंदाज पक्का करता येईल. पार्लरमध्ये जाऊन विचारा, भांडायला नाही, फक्त माहिती घ्यायला. आणि एक टेस्ट घरी करा. कंगव्यात आलेला लांब केस घ्या, पाण्यात पाच मिनिटं भिजवा, दोन्ही टोकं धरून हळूहळू ताणा. चांगला ओला केस लांबीच्या जवळपास एक तृतीयांश ताणला जातो आणि सोडला की परत येतो. तुमचा रबरासारखा ताणला जात राहिला आणि परत आला नाही, किंवा लगदा झाल्यासारखा सुटला, तर आतली ताकद गेलीये. ताणायच्या आधीच टक्कन तुटला तर तो कोरडा, ठिसूळ झालाय. पहिल्या प्रकारात तेल, मास्क कशानेही फार फरक पडत नाही, कापणं हाच उपाय. दुसऱ्या प्रकारात काळजी घेतली तर बरंच वाचतं.

कारण एक गोष्ट कुणी स्पष्ट सांगत नाही. केस डोक्याच्या बाहेर आला की तो मेलेला असतो. त्याला जखम भरून येण्यासारखं काही नसतं. मास्क, सिरम, तेल हे सगळं झिजलेल्या कापडाला स्टार्च करण्यासारखं आहे, कापड दिसायला आणि हाताला बरं होतं, कमी फाटतं, पण विरलेला धागा नवा होत नाही. बॉन्ड बिल्डर, म्हणजे आतले बंध जपायला म्हणून जी महाग बाटली मिळते ती काही प्रमाणात मदत करते, मी स्वतः ब्लीचच्या वेळी वापरते, पण तीन वेळा केमिकल झालेला केस त्याने पूर्वीसारखा होईल असं मी कुठल्याच क्लायंटला सांगणार नाही.

आता बोटॉक्सबद्दल. नको. हेअर बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतंच, ते नुसतं नाव आहे. आत काय असतं ते ब्रँडवर अवलंबून आहे, काहींमध्ये फक्त कंडिशनिंगची द्रव्यं, पण बऱ्याच स्मूदनिंग-केराटिन-बोटॉक्स ट्रीटमेंटमध्ये फॉर्माल्डिहाइड सोडणारं काहीतरी नाहीतर ग्लायऑक्सिलिक अॅसिड असतं, आणि वर प्रेस फिरवतात दोनशे अंशांच्या वर. फॉर्माल्डिहाइड माणसांमध्ये कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि ग्लायऑक्सिलिक अॅसिडवाल्या ट्रीटमेंटनंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. तब्येतीचं बाजूला ठेवलं तरी तुमच्या त्या सांध्यावर आणखी एकदा एवढी उष्णता म्हणजे उरलेलेही जातील. पहिले पंधरा दिवस केस चमकतील, तुम्ही खूश व्हाल, आणि दोन महिन्यांनी मला पुन्हा हाच प्रश्न विचाराल, फक्त केस अजून कमी झालेले असतील. ते साडेसहा हजार ठेवा.

माझ्याकडून एक चूक झाली होती ती सांगते, म्हणजे मी एवढी का बजावून सांगतेय ते कळेल. कामाला लागून चारेक वर्षं झाली होती. एक मुलगी लग्नाआधी हायलाइट्स करायला आली. मी विचारलं आधी काही लावलंय का, ती म्हणाली फक्त मेंदी. मी म्हटलं मेंदी ना, मग ठीक आहे. ती होती पाकिटातली काळी मेंदी, आणि अशा काही पाकिटांमध्ये धातूंचे क्षार असतात जे ब्लीचच्या पेरॉक्साइडला भिडले की तापतात. फॉइल हाताला गरम लागायला लागलं तेव्हा मी घाईघाईत धुतलं, तरी कानामागची एक बट धुताना हातातच आली. लग्न अकरा दिवसांवर होतं. ती मुलगी रडली, तिची आई काही बोलली नाही आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून कानामागची चार केसांची बट आधी टेस्ट केल्याशिवाय मी कुणाच्याही डोक्याला केमिकल लावत नाही, क्लायंट कितीही घाईत असू दे. तुम्हीही पुढे कधी काही केलंत तर ही टेस्ट मागून घ्या, नाही म्हणाले तर उठून या.

बरं, आता करायचं काय. सगळ्यात आधी थांबायचं. केमिकल बंद, कलर बंद, प्रेस बंद, निदान मूळचा केस हनुवटीपर्यंत येईपर्यंत. सगळ्यात कठीण हेच आहे, कारण मुळाशी वेव्ही आणि खाली सरळ हे विचित्र दिसतं आणि प्रत्येक फंक्शनला वाटतं की एक टचअप करून टाकू. त्याला एक युक्ती आहे, केस नव्वद टक्के वाळले की दोन-तीन सैल वेण्या घालून तासभर ठेवा, सोडल्यावर खालच्या सरळ भागालाही वळण येतं आणि सांधा झाकला जातो. काही लागत नाही त्याला.

दुसरं, कापा. माहीत आहे, लांबीसाठीच तुम्ही विचारलंय. सगळे कापा म्हणत नाही. वीतभराच्या खाली जो पातळ शेपटा राहिलाय तो तसाही राहणार नाहीये, फाटा फुटला की तो वर चढत जातो आणि चांगला केसही बरोबर नेतो. आत्ता खांद्याच्या खाली चार बोटं एवढे ठेवा, आणि मग दर दोन-अडीच महिन्यांनी एक-दीड सेंटीमीटर. जेवढं वाढतं त्याच्यापेक्षा कमी कापलं जातं म्हणजे लांबी हळूहळू पुढेच जाते. रेझरने किंवा थिनिंगच्या कात्रीने कापू देऊ नका, त्याने टोकं अजून विरतात, साधी धारदार कात्री.

तिसरं धुणं, आणि इथे सासूबाईंचं थोडं बरोबर आहे. खोबरेल तेल धुवायच्या आधी लावलं तर खरंच उपयोग होतो. खोबरेलातलं लॉरिक अॅसिड केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातून जे प्रोटीन निघून जातं ते कमी होतं, २००३ साली मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करून हे छापलं होतं, फक्त खोबरेलानेच फरक पडला. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही सांगते की माझा हातचा अनुभव तोच आहे. पण सासूबाई ज्या पद्धतीने लावायला सांगत असतील, म्हणजे गरम तेलाची चंपी, खसाखसा चोळणं आणि वर घट्ट वेणी, ते आत्ता नको. तळहातावर दोन चमचे तेल घेऊन मुळांना नाही, सांध्यापासून खाली, केस दाबत दाबत लावा, एक-दोन तास ठेवा, मग धुवा. कांद्याच्या तेलाचं म्हणाल तर ते मुळांसाठी विकतात, तुमची मुळं चांगली आहेत, बोटभर मूळचा केस व्यवस्थित आलाय हा त्याचाच पुरावा. अंड्याचं प्रोटीनही असंच केसात शिरत नाही, त्याचा कण मोठा असतो, आणि दही-लिंबू तर आत्ता अजिबात नको.

शाम्पू मगमध्ये पाणी घालून पातळ करा आणि फक्त टाळूला लावा, खालच्या केसांना निथळणारा फेस पुरतो. अंगाचा साबण कधीही नाही, तो अल्कधर्मी असतो, खवले उघडतात. मग कंडिशनर, कंजूषी न करता, सांध्यापासून खाली. खराब केसावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधली द्रव्यं धन भाराची, ती नेमकी खराब जागी जाऊन चिकटतात, म्हणून तुमच्यासाठी शाम्पूपेक्षा कंडिशनरवर पैसे घालणं शहाणपणाचं. मास्क घ्यायचाच असेल तर साधा कुठलाही, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, रात्रभर नाही. कंडिशनर केसात असतानाच विरळ दातांच्या कंगव्याने खालून सुरू करून गुंता सोडवा, आधी टोकं, मग मध्य, मग वर. पाण्यासाठी शेवटचा एक तांब्या फिल्टरचं पाणी टाका, आणि महिन्यातून एकदा क्लॅरिफायिंग शाम्पू, म्हणजे साचलेले थर काढणारा, त्याच्या पाठोपाठ लगेच कंडिशनर. याच्यासाठी शॉवर फिल्टर वगैरे घ्यायची गरज मला वाटत नाही.

ओला केस सगळ्यात नाजूक असतो हे मनावर घ्या. आपल्याकडे पंच्याने केस झटकायची सवय आहे, गच्चीवर उन्हात उभं राहून फटाफट, आई-आजी करायच्या म्हणून आपणही करतो, त्यांचे केस केमिकल न झालेले होते. तुम्ही जुन्या सुती टीशर्टमध्ये केस दाबून पाणी टिपा, चोळू नका. ओल्या केसांवर रबरबँड नको, हेल्मेटही नको, आणि गरम प्रेस तर कधीच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या आत बुडबुडे होतात आणि तो तिथेच तुटतो. वाळल्यावर सिरमचे दोन थेंब. सिलिकॉन वाईट असं बरंच वाचलं असेल तुम्ही, पण तुमच्या केसाचा जो घसरपणा गेलाय तो थोडाफार तेच परत देतं.

तुम्ही स्कूटीवर जाता का ते लिहिलं नाहीयेत. जात असाल तर मोकळे केस वाऱ्यावर सोडू नका, सैल वेणी घालून ती जॅकेटच्या आत टाका, आणि हेल्मेटखाली सुती स्कार्फऐवजी सॅटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधा. त्याच साडीतून उशीचा अभ्रा शिवून घ्या. रोज एकाच जागी पोनी बांधत असाल तर जागा बदलत राहा, तुमचा सांधा आणि पोनीची जागा एकच निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते कारण सगळंच पार्लरच्या हातातलं नसतं. मोजल्यावर केस बोटभर न निघता सगळे वेगवेगळ्या लांबीचे निघाले, एखादी जागा गोल विरळ झाली असेल, टाळूला खाज-खपल्या असतील, केसावर जागोजागी पांढरे ठिपक्यासारखे गाठाळ भाग दिसत असतील, किंवा मुळासकट केस भरपूर जात असतील, पाळीत जास्त रक्त जातं, थकवा येतो असं असेल तर स्किन स्पेशालिस्टना दाखवा, ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघायला सांगतील. तिथे माझा फुटपट्टीचा हिशोब लागू पडत नाही.

वेळ लागेल. पुढच्या दोन महिन्यांत तुकडे पडणं कमी झालेलं दिसेल, आणि मूळचे केस खांद्यापर्यंत यायला आणखी दोन वर्षं तरी धरा. माझ्या एका क्लायंटने असंच काढलं, मधे तिच्या बहिणीचं लग्न झालं, सगळ्यांनी टचअप कर म्हणून मागे लागून पाहिलं, तिने अंबाडा घालून गजरा माळला आणि निभावलं. आज तिचे वेव्ही केस मला माझ्या पार्लरमध्ये सगळ्यात जास्त आवडतात.

आज रात्री मोजा आणि तीन गोष्टी लिहा: किती सेंटीमीटर, टोकं बोथट की निमुळती, आणि ओला केस ताणल्यावर काय झालं. त्यावरून किती कापायचं ते मी नक्की सांगू शकेन.